रांजणासोबत काय बांधायचं

सांडोर, वसई
१२ जानेवारी २०२५

चि. हर्षवर्धन,

हे पत्र ईमेलने येत असलं तरी पत्रच आहे, तेव्हा शांतपणे बसून वाच. मेसेजवर मी तुझ्याशी बोलणार नाही. आठवीत तुला पत्रलेखन शिकवलं ते काय पुढे अंगठ्याने 'ओके बाई' पाठवण्यासाठी नव्हे.

तुमच्या रांजणाची, म्हणजे त्या शब्द साठवायच्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती उतरवून घेतली. घेतली म्हणजे अक्षरशः उतरवली, पोतं उतरवावं तशी. आधी सगळं एका फाइलीत यायचं, दोनदा टिचकी मारली की चालू. आता सुरुवातीलाच सूचना, की सर्व्हर वेगळा बसवून घ्यावा. कुठून घ्यावा आणि कसा बसवावा ते खाली इंग्रजीत लिहिलेलं, तेही अशा इंग्रजीत की एकही वाक्य पूर्ण नाही. दोन दिवस मी तेच करत होते. काळ्या पडद्यावर ओळी पळाल्या आणि शेवटी पळायच्या थांबल्या, त्यावरून समजलं की बसला.

आता खरं दुखणं सांगते. दर बुधवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमच्या बायका जमतात हे तुला माहीत आहे. गावोगावचे शब्द आम्ही रांजणात भरतो, वरती पुस्तकी रूप आणि खाली वटारचा, अर्नाळ्याचा, पाचूबंदरचा आवाज. पाचूबंदरचे जवळजवळ सगळे आवाज जयवंतीचे. मासळी विकून झाली की थेट येते, रिकामी टोपली ओट्यावर ठेवते आणि माईकसमोर बसते. मध्यंतरी एकदा तिला हौस आली, म्हणाली, आज मी लिवते. एका बोटाने तिने 'पानी' लिहिलं. यंत्र म्हणालं, असा शब्द नाही. तिने पुन्हा लिहिलं. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं.

"बाई, आमचं पानी नाय ह्याच्यात? मंग आमी इतकी वर्सं पिलो काय?"

सगळ्या हसल्या. तीही हसली. पण पुढच्या बुधवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी जाऊन आले. काम आहे म्हणाली. काम तिला आधीही होतंच.

पूर्वी 'पानी' लिहिलं काय आणि 'पाणी' लिहिलं काय, शब्द मिळायचा. आता काय बिघडलं ते कळव. मला जयवंती परत हवी आहे, हर्षवर्धन. तिच्यावाचून पाचूबंदरचे शब्द अडतील हे आहेच. पण तिला तोंडावर 'तू नाहीस' म्हणणारं यंत्र मी तिच्यापुढे ठेवलं, हे मला जास्त लागलं आहे.

तुझी,
प्रिस्काबाई


चंदनसार, विरार पूर्व
१५ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,

पत्र बसूनच वाचलं. दोनदा वाचलं. जयवंतीताईंची मनापासून माफी मागतो.

काय झालं ते सोपं करून सांगतो. रांजण स्वतः शब्द शोधत नाही. शोधणारा एक वेगळा प्रोग्राम असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. तो मागच्या खोलीत बसलेल्या कारकुनासारखा आहे. तुम्ही पुढे शब्द विचारता, रांजण तो मागे नेऊन देतो, कारकून शोधून आणतो. हा कारकून आमचा नाही. तो परदेशातल्या काही लोकांनी बनवला आहे आणि आपल्या रांजणासारखाच तोही फुकट, कोणीही घ्यावा आणि हवा तसा बदलावा.

आम्ही तो बदलला होता. त्याला शिकवलं होतं की शोधताना न आणि ण एकच समज. हा बदल आम्ही मूळ लोकांकडेही पाठवला, म्हणजे तो सगळ्यांनाच मिळाला असता. त्यांनी नाकारला. हरकत घेणारा त्यांच्यातला एक मराठी माणूसच होता. त्याने लिहिलं, न आणि ण वेगळी अक्षरं आहेत, लोकांच्या अशुद्ध लेखनासाठी आम्ही सर्व्हर बिघडवणार नाही. मग आम्ही आमचा बदललेला सर्व्हर रांजणासोबतच बांधून द्यायला लागलो.

पण आमच्या कामात एक रीत आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या गाठोड्यात बांधू नये. बांधली की ती आपली होते. मूळ लोक त्यांच्या सर्व्हरची डागडुजी करत राहतात, आपल्या गाठोड्यातला मात्र आहे तिथेच राहतो. त्यात उद्या काही सडलं तर ते निस्तरायचं आपण. रांजणाचं काम आम्ही पाच जण बघतो, आता नावापुरतेच पाच. बाकीचे म्हणाले, घरचं झालं थोडं, त्यात व्याह्याचं घोडं कशाला? म्हणून या वेळी सर्व्हर वेगळा ठेवला. तुम्ही बसवलात तो मूळ लोकांचा, त्याला न-ण ठाऊक नाही.

काळजी करू नका. मी पुन्हा बांधून देतो. दोन-तीन आठवडे द्या. जयवंतीताईंना सांगा, त्यांचं पाणी येतंय.

तुमचा विद्यार्थी,
हर्षवर्धन


सांडोर
९ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षवर्धन,

पाणी आलं.

तुझं नवं गाठोडं उतरवायला मात्र सबंध दुपार गेली. रांजण एवढासा आणि सर्व्हर केवढा, नाकापेक्षा मोती जड. पण टिचकी मारली आणि चाललं. मी जयवंतीकडे जाऊन आले, आणलीच तिला. तिने 'पानी' लिहिलं. वर 'पाणी' आलं आणि खाली तिचाच आवाज. तिने तो ऐकला, मग पुन्हा ऐकला आणि म्हणाली, माजा आवाज असा हाय? मग 'लोनी', 'दाना', 'कोन', एकामागून एक लिहीत बसली. त्या दिवशी दुसरं कोणाला यंत्राजवळ येऊच दिलं नाही.

तुझे आभार कसे मानू? विद्यार्थी कामाला येतात असं सगळे शिक्षक म्हणतात, माझ्या बाबतीत तू एकटाच आलास. बाकीचे लग्नाच्या पत्रिका पाठवतात.

आता माझ्या बारीकसारीक मागण्या. आवाज ऐकताना मध्येच थांबवता यावा. अक्षरं जरा मोठी हवीत. वटारच्या आणि अर्नाळ्याच्या बायकांनाही मी सांगून ठेवलं आहे की गाठोड्यासकट रांजण घ्या, अडलं तर हर्षवर्धन आहे. एका फादरांनीही विचारलं होतं. त्यांनाही तुझा नंबर दिला. तुला चालेलच.

आपण सगळे मिळून मोठं काम करतो आहोत असं हल्ली मला वाटतं. तू एवढा लांब राहून करतोस याचं विशेष.

तुझी,
प्रिस्काबाई


चंदनसार
२६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

लांब म्हणजे काय, चंदनसार ते सांडोर रिक्षा बदलत तासाभराचं अंतर. पण खरं आहे, येणं होत नाही.

एक तातडीची गोष्ट. सर्व्हरमध्ये एक भोक सापडलं आहे. म्हणजे त्यातून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. मूळ लोकांनी बुजवलं, पण त्यांच्या नव्या सर्व्हरमध्ये. आपल्या गाठोड्यातला जुना आहे, त्यातलं मलाच बुजवावं लागेल. तोवर वाचनालयातल्या यंत्राचं इंटरनेट बंद ठेवा. वटार, अर्नाळा आणि फादरांनाही तसं कळवा. त्यांचे फोन येत असतात, पण सगळ्यांना मी कळवू शकेन असं वाटत नाही.

बाकीच्या चौघांना विचारलं. एकाने उत्तर दिलं, तूच बांधलंस, तूच बघ. तो चुकीचं बोलला नाही.

थांबवायचं बटण आणि मोठी अक्षरं यादीत टाकली आहेत. ऑफिसात सध्या वर्षअखेरीचं काम आहे. पण हे आधी करतो. भरलेल्या शब्दांची दर शनिवारी वेगळी प्रत काढता, ती काढून ठेवायला विसरू नका.

हर्षवर्धन


सांडोर
९ मार्च २०२५

चि. हर्षवर्धण,

दचकू नकोस. हे मी लिहिलेलं नाही, तुझ्या रांजणाने लिहिलं आहे. तू राहतोस ते चंदणसार, आम्ही बसतो ते वाचणालय. आपल्याकडे आता णारळ आहे, णदी आहे आणि घरोघरी णवरा आहे. तू भोक बुजवलंस ते बरं केलंस, पण बुजवताना गावातला एकूण एक न मारून टाकलास.

बुधवारी सगळ्या जमल्या आणि रांजण उघडला तर हे. जयवंतीने 'णवरा' वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "हा नवरा आमच्यातला नाय, बाई." त्यानंतर तासभर कोणी काम केलं नाही. वटारची एक जण हसता हसता खुर्चीवरून घसरली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात इतकं हसणं बरं नव्हे, पण हसलो.

हसून झाल्यावर मला राग आला, तोही लिहिते. शोधताना न आणि ण एकच समजायचं, एवढंच त्याला सांगायचं होतं. तू त्याला आम्ही भरलेले शब्दच बदलायला सांगितलंस. ही नजरचूक आहे हे मला कळतं, पण ती केवढ्यावर फिरली बघ. शनिवारची प्रत होती म्हणून वाचलो. प्रत नसती तर तीन वर्षांचं काम गेलं असतं, आणि ज्या म्हाताऱ्या आवाज देऊन देवाघरी गेल्या त्यांच्या शब्दांची ही अशी थट्टा कायमची राहिली असती. काम मनावर घेता येत नसेल तर ते घेऊच नये, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे. तू त्या दिवशी गैरहजर होतास बहुतेक.

नवी आवृत्ती कधी? आता आम्ही प्रतीवरच चाललो आहोत, भोकासकट. इंटरनेट बंद आहे.

प्रिस्काबाई


सांडोर
१३ एप्रिल २०२५, झावळ्यांचा रविवार

चि. हर्षवर्धन,

महिना उलटून गेला. उत्तर नाही. फोन लावला तर उचलत नाहीस, एकदा नुसतं 'कामात आहे, बाई' असं आलं, तेही अंगठ्याने लिहिलेलं.

रुसलास का? मी 'गैरहजर होतास' लिहिलं ते लागलं असेल. लागावं म्हणूनच लिहिलं होतं, पण इतकं नव्हे. माझी जीभ तुला नवीन नाही. तुमच्या वर्गात सगळ्यात जास्त तीच चालायची आणि सगळ्यात कमी रुसायचास तू.

आमचं इथे काय चाललंय ते सांगते. अर्नाळ्याच्या बायकांकडे प्रत नव्हती. त्यांचे सगळे न गेले आहेत. त्या बिचाऱ्या पहिल्यापासून दुरुस्त करत बसल्या आहेत आणि दर दोन दिवसांनी मला विचारतात, तुमचा हर्षवर्धन कधी पाठवतोय? मी सांगते, पाठवेल, तो शब्दाचा पक्का आहे. मला तोंडघशी पाडू नकोस.

रागावला असशील तर तसं लिही. नुसता गप्प बसू नकोस.

तुझी,
प्रिस्काबाई


चंदनसार
१६ एप्रिल २०२५

आदरणीय प्रिस्काबाई,

मी अनुष्का, हर्षवर्धनची बायको. आपण लग्नात भेटलो होतो, तुम्ही मला हिरवी साडी दिली होती. मला तुमच्यासारखं पत्र लिहिता येत नाही, जमेल तसं लिहिते.

हर्ष रुसलेला नाही. तो मार्चमध्ये ऑफिसात चक्कर येऊन पडला. डोकं आपटलं, टाके पडले. बीपी इतकं वाढलेलं होतं की डॉक्टर मलाच ओरडले, घरात कोणाचं लक्ष नाही का म्हणून. चार दिवस हॉस्पिटलमध्ये होता. ते तुमचं 'णवरा' झालं ना, ते त्याने आदल्या आठवड्यात केलं होतं. अंगात ताप होता, सकाळी ऑफिस, घरी आला की तो सर्व्हर. मी म्हटलं, आज राहू दे. तर म्हणाला, भोक उघडं आहे, बाईंचं यंत्र आहे तिकडे.

त्याने मला सांगितलंय की बाईंना फक्त 'कामात आहे' एवढंच कळव. मी त्याचं ऐकत नाहीये, कारण तुमचं रविवारचं पत्र त्याने वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवून दिला. जेवला नाही. मग म्हणाला, अर्नाळ्याचं सगळं माझ्यामुळे गेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बंद केलेला लॅपटॉप त्याने उघडला. मी तो काढून माझ्या आईकडे नेऊन ठेवला. नवरा-बायकोत असं भांडण मी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघंही शांत माणसं आहोत, बाई.

तुम्हाला वाईट वाटेल, पण लिहिते. हे त्याचं पोटापाण्याचं काम नाही. ते फुकट आहे हे मला चालतं, मी कधी तक्रार केली नाही. पण ज्यांना ते फुकट मिळतं त्यांच्यापैकी कोणी 'आज नको, उद्या कर' असं म्हणत नाही. तुमच्या फादरांचा एकदा त्याच्या मोबाइलवर फोन आला होता, मी आयसीयूच्या बाहेर उभी राहून उचलला. ते बिचारे चांगलंच बोलले, त्यांना काय माहीत?

तो जगात सगळ्यांना नाही म्हणू शकतो. ऑफिसात म्हणतो, मला म्हणतो. तुम्हाला नाही म्हणू शकत. म्हणून मी तुम्हालाच सांगतेय. त्याच्याकडे काही दिवस काही मागू नका, प्लीज. मी खूप दमले आहे.

तुमची,
अनुष्का


सांडोर
१८ एप्रिल २०२५

चि. अनुष्का,

तू लिहिलंस ते फार बरं केलंस. 

त्याला काही सांगू नकोस. तो आपणहून लिहील तेव्हाच मी लिहीन, आणि तोवर इकडून कोणाचाही फोन येणार नाही. फादर, अर्नाळा, वटार, सगळ्यांना मी काल सांगून टाकलं आहे. नंबर मी दिला होता, मीच परत मागून घेतला. लॅपटॉप आईकडेच राहू दे.

पानी सापडलं नाही म्हणून आम्ही तहानेने मरणार नाही. मला त्या पोराची धास्ती लागली आहे. रोज एक ओळ पाठवत जा, बरा आहे एवढीच. ती तू अंगठ्याने लिहिलीस तरी चालेल.

तुझी,
प्रिस्काबाई


चंदनसार
१ जून २०२५

आदरणीय बाई,

अनुष्काने तुम्हाला लिहिलं होतं हे मला काल कळलं. तिच्यावर चिडलो, मग नाही चिडलो. ती थोडं वाढवून सांगते. आयसीयू वगैरे काही नव्हतं, आयसीयूच्या शेजारची खोली होती.

बरा आहे. गोळ्या कायमच्या आहेत. दीड महिना कोणाचाच फोन आला नाही. आधी बरं वाटलं, मग चमत्कारिक वाटायला लागलं. आता कळलं की ते तुम्ही केलं होतंत.

अर्नाळ्याचं वाचून मला फार लाज वाटली, बाई. तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. ताप होता हे कारण नव्हे. ताप असताना मी ते करायलाच नको होतं, आणि तेवढं सांगणारं माझ्याशिवाय रांजणाच्या कामात कोणी उरलं नव्हतं.

लॅपटॉप परत आला आहे, दिवसाला एक तास या बोलीवर. त्या तासात काय करायचं याचा विचार करतोय. मला तीन मार्ग दिसतात. पहिला, सर्व्हर पुन्हा नीट बदलायचा आणि पुन्हा बांधून द्यायचा. मग पुढचं भोक पडेल तेव्हा पुन्हा, त्याच्या पुढचं पडेल तेव्हा पुन्हा. भोकं पडतच राहतात, तो त्या वस्तूचा दोष नाही. दुसरा, मूळ लोकांशी भांडून आपला न-ण त्यांच्या गळी उतरवायचा. मी त्यांना तिसऱ्यांदा लिहिलं, अजून उत्तर नाही. तिसरा, बांधणं बंद करायचं. म्हणजे यंत्र जयवंतीताईंना पुन्हा सांगणार, असा शब्द नाही.

आणखी एक मार्ग आहे. पण त्यात माझं काम काहीच नाही, कष्ट सगळे तुमचे, म्हणून तो मी लिहीत नाही. यंत्राने करायचं ते माणसांकडून करून घ्यायचं तर मी इतकी वर्षं केलं काय?

खरं सांगायचं तर मी थकलो आहे, बाई. हे वाक्य मी कोणालाच लिहिलेलं नाही. सकाळी उठल्यावर पहिली आठवण सर्व्हरची येते आणि ती आली की उठावंसं वाटत नाही. आणि तरी सोडवतही नाही. मी सोडलं तर ते कोणीच उचलणार नाही हे मला माहीत आहे, कारण बाकी चौघांची नावंसुद्धा आता रांजणाच्या पहिल्या पानावर नाहीत.

तेव्हा पहिलाच मार्ग घेतो. दिवाळीपर्यंत वेळ द्या. हळूहळू करीन, पण बांधून देईन.

तुमचा विद्यार्थी,
हर्षवर्धन


सांडोर
२१ सप्टेंबर २०२५

चि. हर्षवर्धन,

बांधू नकोस.

तुझ्या जूनच्या पत्राला मी दोन ओळींची पोच दिली, 'सावकाश कर' म्हणून. ती लबाडी होती. तू सावकाश करावंस आणि तोवर आमचं उरकावं एवढाच माझा डाव होता. आता उरकलं, म्हणून लिहिते.

तू न लिहिलेला मार्ग शोधायला मला फार वेळ लागला नाही. रांजणात प्रत्येक शब्दाखाली एक रिकामा चौकोन आहे, 'दुसरं रूप' असं लिहिलेला. तुम्हीच कधीतरी ठेवलेला. तीन वर्षं आम्ही तो बघत होतो आणि रिकामा सोडत होतो, कारण न-ण तुझा सर्व्हर बघून घ्यायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी 'पाणी'खाली त्या चौकोनात 'पानी' लिहिलं. मग तुझं गाठोडं काढून टाकलं आणि मूळ लोकांचा साधा सर्व्हर बसवला, त्याच अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीवरून. 'पानी' शोधलं. मिळालं.

मग काय, बसलो. बुधवारचे बुधवार आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर. ज्या ज्या शब्दात ण आहे तो तो काढायचा, जयवंतीने म्हणून दाखवायचा, मी लिहायचा. अर्नाळ्याच्या बायकांना तर सगळं दुरुस्त करायचंच होतं, त्यांनी दोन्ही रूपं एकदमच भरली. तुला वाटतं तसे फार कष्ट नाही पडले. पडले थोडे, खोटं कशाला बोलू? माझे डोळे पहिल्यासारखे नाहीत आणि वटारची एक जण मध्येच कंटाळून निघून गेली. पण यंत्राने करायचं ते तुम्हाला करावं लागलं असं आमच्यातली एकही म्हणाली नाही. शब्द आमचेच आहेत, आम्ही नाही लिहायचे तर कोणी?

भांडण मात्र झालं. जयवंतीने तो चौकोन नीट वाचला आणि मला विचारलं, "दुसरं म्हंजे? पयलं कोनाचं?" व्याकरण शिकवण्यात माझा जन्म गेला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तुला बदलायला सांगणार नव्हतेच. कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर 'हेही रूप' लिहिलं आणि पडद्यावर चिकटवली. ती खिडकी नेहमी त्याच जागी उघडते, म्हणून चालतं. जरा वाकडी बसली आहे.

आवाज मध्येच थांबवायचं बटण नको. पूर्ण ऐकतो. अक्षरांना भिंग घेतलं आहे. सर्व्हरला भोक पडलं तर ज्यांनी तो बनवला ते बुजवतील, मी फक्त 'नवा घेऊ का' असं विचारलं की 'हो' म्हणते. तेवढं मला येतं. त्या मराठी गृहस्थाला आता लिहू नकोस. तो त्याच्या जागी शुद्ध राहो.

रांजणाच्या पहिल्या पानावरचं तुझं नाव काढू नकोस. त्याच्यापुढचा फोन नंबर मात्र आजच काढ.

आता जे लिहिते ते वाचायला कडू लागेल, म्हणून दोनदा खोडून पुन्हा लिहिते आहे. तू नसलास तरी रांजण चालेल. बेटा, हे तुझ्यावरच्या रागाने नाही. हे खरं व्हावं म्हणून आम्ही सगळ्या इतके महिने खपलो, आणि अमुक एका पोरासाठी करतोय हे त्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी तुला पाहिलेलंही नाही.

आजवर तुला घरी बोलवायची मला चोरी असायची. तू यायचास तो काही ना काही बिघडलेलं दुरुस्त करायला, आणि जेवण निवत राहायचं. अनुष्काला घेऊन कुठल्याही रविवारी ये. माझं आता तुझ्याकडे काहीही काम नाही. म्हणूनच ये.

तुझी,
प्रिस्काबाई